बदकाच्या डबीची कैफियत

मित्रांनो, मला हातात घेणार असाल तर आधी पालथी करा. झाकणाकडे मागाहून बघितलंत तरी चालेल. झाकणावरून बघायला गेलं तर मी चारचौघींसारखीच आहे, आणि माझं सगळं दुखणं तिथूनच सुरू होतं.

मी पत्र्याची जुनी डबी. मलमाची. तुमच्या तळहातावर बसेन एवढीच. रंग मूळचा पिवळाधमक, आता जुन्या दातांसारखा झालाय. काठाला निळी कड आणि मधोमध एक बदक. पोटाला एक चिठ्ठी चिकटलेली आहे, तिच्यावर लिहिलंय 'पुरावा क्रमांक चार'. ती चिठ्ठी कोमट पाण्यानं निघाली नाही आणि नखानंही निघाली नाही. बुडावर मात्र खिळ्यानं ओढलेल्या सतरा रेघा आहेत. त्या माझ्या खऱ्या. चिठ्ठी सरकारनं लावली, रेघा वन्संनी ओढल्या.

वन्सं कोण ते सांगते. एका उतरत्या गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांच्या घरात दोघी बायका राहायच्या, नणंद-भावजय. दोघींना जोडणारा जो माणूस होता तो लवकर गेला, आणि मग जोडून राहायला दुसरं काही हवं म्हणून की काय, दोघींनी मलम करायला घेतलं. भावजय मलम शिजवायची. तिला सगळी गल्ली नुसतं 'बाई' म्हणायची. नणंद वयानं मोठी, तिला बाई 'वन्सं' म्हणायच्या आणि मग सगळेच म्हणायला लागले. अगदी पोस्टमनसुद्धा.

मेण, तेल, परसातल्या एका झुडपाच्या पाल्याचा रस, आणि बाईंचा हात, एवढंच त्या मलमात असायचं. भाजलं, कापलं, पाण्यात काम करून बोटं फाटली, की लावायचं. वास थोडा धुराचा, थोडा वाळल्या गवताचा. एकदा घेतला की नाक विसरत नसे.

माझा जन्म मात्र गावाबाहेरच्या डबीवाल्याकडे झाला. मोठ्ठा पिवळा पत्रा यंत्राखाली सरकायचा, धप्प आवाज व्हायचा आणि एकेक झाकण खाली पडायचं. झाकण एका पत्र्यातलं, बूड दुसऱ्यातलं. त्यांची गाठ पडली की डबी झाली. लग्नंही अशीच जमतात असं डबीवाल्याचं म्हणणं होतं, पण त्याच्या बायकोचं तसं मत नव्हतं.

बदक वन्संनी काढलेलं. खरं तर त्यांनी हंस काढला होता. कागद हातात घेऊन बाई बराच वेळ बघत राहिल्या.

"वन्सं, बदक छान आलंय हो."

"हंस आहे तो."

"असू दे. त्याला सांगू नका म्हणजे झालं."

वन्सं दोन दिवस बोलल्या नाहीत. त्या बदकाचा उजवा गुडघा भलत्याच बाजूला वाकला होता. डबीवाल्यानं तसाच ठसा केला, आणि नंतर लक्षात आलं तेव्हा बाई म्हणाल्या, "राहू दे. लंगडं बदक लवकर ओळखू येतं." डबीवर छापलेलं नाव होतं 'त्वचारक्षक मलम'. ते बाईंनी मोठ्या हौसेनं शोधून काढलेलं. त्या नावानं एकाही माणसानं कधी डबी मागितली नाही. सगळे म्हणायचे, "बदकाची डबी द्या."

भरायचं काम वन्संचं. चोचीच्या किटलीतून गरम मलम ओतायचं, आम्हाला खिडकीशी ओळीनं मांडायचं आणि वर साय धरेपर्यंत गप्प बसायचं. झाकण नंतर. गरम मलमावर झाकण लावलं की आत घाम धरतो आणि चार आठवड्यांत मलम आंबतं. म्हणून वन्सं वाट बघायच्या. आमच्यावर माशी बसू नये म्हणून हातात पंखा घेऊन, स्वतः घामानं निथळत, वाट बघायच्या. मित्रांनो, मी तेव्हा नवी होते, मला वाटायचं सगळं जग असंच वाट बघून झाकण लावतं.

आणि आमच्या घरचा एक रिवाज होता. रिकामी डबी घेऊन दाराशी आलेल्या माणसाला तसं परत पाठवायचं नाही. डबी गरम पाण्यात धुवायची, पुसायची, भरायची, आणि बुडावर खिळ्यानं एक रेघ ओढायची. कुठली डबी किती वेळा घरी येऊन गेली ते त्या रेघांवरून कळायचं. मी एका बेकरीवाल्याची. त्याचे दोन्ही हात भट्टीनं चितारलेले. सतरा वेळा तो मला घेऊन आला. मला धुताना वन्सं म्हणायच्या, "आली का माहेरपणाला?"

ते दिवस चांगले होते. चांगल्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नसतं.

मग व्यापारी आला. तसा तो आधीपासून यायचा, आमच्या डब्या खोक्यांत भरून दुकानोदुकानी पोचवायचा. गोड बोलायचा. बाईंना 'ताई' म्हणायचा. एक दिवस खिडकीशी मांडलेल्या ओळी बघून म्हणाला, "ताई, एवढा वेळ कशाला घालवता? गरम असतानाच झाकण लावा की. दिवसाला तिप्पट माल निघेल."

"आणि घाम धरेल त्याचं काय?"

"तोपर्यंत माल विकला गेलेला असतो."

बाई हसल्या. त्यांना वाटलं तो थट्टा करतोय. थट्टा नाही हे कळल्यावर त्यांनी त्याला चहासुद्धा पुरता पिऊ दिला नाही. तो गेला. जाताना त्यानं खिडकीतली एक डबी उचलून खिशात टाकली. वन्संनी बघितलं. पण एका डबीसाठी माणसाला काय बोलायचं, असं त्यांना वाटलं. या घराला असलंच काहीतरी वाटत राहायचं.

सहा महिन्यांनी धुलाईवाली आली. नदीपलीकडच्या मोठ्या लाँड्रीत ती कपडे धुवायची. सोड्याच्या पाण्यानं तिची बोटं बारा महिने फाटलेली. बारा वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. दार न वाजवताच आत आली आणि टेबलावर डबी आपटली.

"बाई, तुम्हाला मी आईसारखं मानत होते. हे काय विकलंत मला?"

तिनं हात पुढे केले. बोटांच्या पेरांना फोड आले होते. दोन फुटलेले होते.

बाईंनी डबी उचलली. पिवळी. निळी कड. मधोमध बदक. बदकाचा उजवा गुडघा भलत्याच बाजूला वाकलेला. नाव तेवढं वेगळं होतं, 'सुखद मलम'. बाईंनी झाकण उघडलं. आतून थेंब गळाला.

"ही आमची नाही गं."

"बदक तुमचंच ना?"

"बदक आमचं. डबी आमची नाही."

"मला नका शिकवू. मला अक्षर येत नाही, पण डोळे आहेत. बदक बघून घेतली मी."

वन्संनी चष्मा लावला आणि बदक निरखलं. "वहिनी, अगं, गुडघापण चोरला मेल्यानं."

मित्रांनो, मी तेव्हा तिथंच होते, धुऊन भरायला आलेली, खिडकीशी. ती दुसरी माझ्याशेजारी पडली होती. तिच्या अंगावरून मला यंत्राच्या तेलाचा ओळखीचा वास आला. त्याच डबीवाल्याकडची, त्याच धप्पखाली पडलेली. डबीवाल्याकडे ठसा तयार होता. व्यापाऱ्यानं सांगितलं, नाव बदल, बाकी राहू दे. त्यानं राहू दिलं. पत्र्याला विचाराल तर आम्ही सख्ख्या बहिणी. तिच्याकडे बघताना आपण आरशात बघतोय की काय असं मला वाटलं, आणि आरशाला फोड आलेले.

धुलाईवाली रडायला लागली. नवी डबी घ्यायला ती काही आली नव्हती. बोलून मोकळं व्हायला आली होती. बाईंनी तिचे हात धुतले, मलम लावलं, फडकं बांधलं. मग ती 'सुखद' डबी उचलून वन्संच्या हातात दिली.

"यातलं फेकून द्या. डबी उकळत्या पाण्यात धुवा आणि आपलं भरा."

"या डबीत?" वन्सं म्हणाल्या. "त्या चोराच्या?"

"डबीनं काय केलंय? रिकाम्या डबीनं आलेल्या माणसाला परत पाठवायचं का?"

वन्सं पुटपुटल्या, पण त्यांनी डबी धुतली, भरली, वाट बघितली, झाकण लावलं. आणि हाताला सवय होती म्हणून बुडावर खिळ्यानं एक रेघ ओढली.

त्या एका रेघेनं आमचं घर बुडालं, मित्रांनो. पण ते तेव्हा कुणाला कळणार? पुढच्या दोन महिन्यांत अशा आणखी कितीतरी पिवळ्या डब्या दाराशी आल्या, शिव्या घेऊन आल्या आणि मलम घेऊन गेल्या.

शेवटी दुकानदार बोलायला लागले. बदकाच्या डबीचा भरवसा राहिला नाही म्हणाले. तेव्हा बाई वकिलाकडे गेल्या. वकील तरुण होते, कानावर पेन ठेवायचे आणि मग तेच पेन सगळीकडे शोधायचे.

"बदक सरकारदरबारी नोंदवलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"बदक कशाला कोण नोंदवतं?"

"तुमचा व्यापारी नोंदवेल." वकिलांनी सुस्कारा टाकला. "नोंद असती तर काम सोपं होतं. नसली तरी दावा करता येतो. मग तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. एक, लोक बदक बघून तुमचाच माल समजतात. दोन, त्या माणसानं आपला माल तुमच्या नावावर खपवला. तीन, त्यात तुमचं नुकसान झालं."

"पण नाव वेगळं आहे ना त्याच्यावर," वन्सं म्हणाल्या. त्यांना शंका आधी काढायची सवय.

"आजी, दोन डब्या शेजारी ठेवून बघत नाही कुणी. गिऱ्हाईक दुकानात येतं ते डोक्यात अर्धंमुर्धं चित्र घेऊन. पिवळं, निळी कड, बदक. ते जुळलं की हात पुढे जातो. कोर्ट त्या हाताचा विचार करतं."

बाईंना ते फार पटलं. घरी येताना त्या दोनदा म्हणाल्या, "हाताचा विचार करतात बघा." वकिलांना एक जुनी डबी हवी होती, बदक किती वर्षांपासूनचं आहे ते दाखवायला. बेकरीवाल्यानं मला दिलं. "परत द्या बरं का," म्हणाला. अशी मी पुरावा क्रमांक चार झाले.

कोर्टाची खोली उंच होती आणि पंखा संथ. मी टेबलावर, माझ्याशेजारी दुकानातून आणलेली कोरी 'सुखद' डबी, पुरावा क्रमांक पाच. समोर व्यापारी बसलेला. बाई आत आल्या तेव्हा तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "बसा ना ताई."

धुलाईवाली आमची साक्षीदार. त्या दिवसासाठी तिनं केस नीट बांधले होते. आमच्या वकिलांनी विचारलं, दुकानात डबी कशावरून ओळखता? तिनं सांगितलं, बदकावरून. नाव वाचता येतं का? नाही. फसलात का? फसले, आणि हात दाखवले. न्यायाधीश पुढे वाकून तिच्या हातांकडे बघत राहिले. मला वाटलं जिंकलो.

मग व्यापाऱ्याचे वकील उठले. वयस्कर, मऊ आवाजाचे.

"मावशी, सध्या कुठलं मलम लावता?"

"बाईंचंच. आणखी कुणाचं लावणार?"

"जवळ आहे?"

"आहे तर!" तिनं मोठ्या अभिमानानं पिशवीत हात घातला आणि डबी काढून उंच धरली. "ही बघा. यांची खरी डबी."

झाकणावर नाव होतं 'सुखद मलम'. आमच्या वकिलांचं पेन कानावरून खाली पडलं.

वयस्कर वकिलांनी डबी घेतली, नाव वाचलं, पालथी केली, बुडावर अंगठा फिरवला. मग विचारलं, "ही दुकानातून घेतलीत?"

"विकत नाही घेतली. भरून आणली. बाईंकडनं."

त्यांनी बाईंना पुन्हा साक्षीला बोलावलं. डबी उघडून त्यांच्या हातात दिली आणि अगदी आदरानं म्हणाले, "बाई, जरा वास घेऊन सांगता? यातलं मलम कुणाचं?"

बाईंनी आधी वास घेतला नाही. त्यांनी डबी कलती करून बूड बघितलं. ती एकच रेघ, आपल्या वन्संच्या हातची, डावीकडे जराशी कललेली. त्यांना सगळं कळलं. टेबलावरून मला त्यांचा चेहरा दिसत होता. कळल्यावर माणसाच्या गालांचं काय होतं ते मी बघितलं. 'आठवत नाही' म्हणाल्या असत्या तरी चाललं असतं. म्हातारं नाक, सर्दी आहे, ओळखू येत नाही. मागच्या बाकावर वन्सं मान हलवत होत्या, नको, नको म्हणून.

बाईंनी डबी नाकाशी नेली.

"माझं आहे," त्या म्हणाल्या.

"नक्की?"

"माझ्या मलमाला मी नाही म्हणू?"

"म्हणजे आमच्या अशिलाच्या डबीत तुम्ही तुमचा माल भरलात."

"तिचे हात सोलले होते हो."

"किती डब्या भरल्यात अशा?"

"मोजल्या नाहीत."

वकील म्हणाले, "आणखी काही विचारायचं नाही."

निकाल पाच पानांचा होता. पिवळा रंग आणि गोल डबी या धंद्यात अनेकांची असते. दोन्ही डब्यांवर नावं वेगळी आणि स्पष्ट आहेत. दोन्ही पक्ष्यांचे गुडघे सारखे चुकले आहेत हे खरं, पण बदक कुणी कसं काढावं याला कायदा नाही. आणि वादी बाईंनी स्वतःच प्रतिवादीच्या डबीत आपला माल भरून लोकांत घोळ वाढवला, तेव्हा त्या घोळाची तक्रार त्यांना करता येणार नाही. दावा फेटाळला. शेवटच्या पानावर न्यायाधीशांनी धुलाईवालीबद्दल सहानुभूती लिहिली होती. एक ओळ.

बाहेर पायऱ्यांवर धुलाईवाली बाईंना विचारत होती, "मी खरं तेच बोलले ना? चांगलं बोलले ना मी?" बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "चांगलं बोललीस," त्या म्हणाल्या. हे मला खिडकीतून ऐकू आलं. मला कुणी बाहेर नेलं नाही. पुराव्याला घरी जायची घाई करता येत नाही. मला एका लाकडी कपाटात ठेवलं, पाच नंबरच्या शेजारी. अंधारात आम्ही दोघी बहिणी, सात वर्षं. ती आतून गंजत गेली, कारण तिच्यात घाम होता. माझ्या काठाच्या आत, झाकण बसतं तिथं, बाईंच्या मलमाची एक बारीक कड वाळून राहिली होती. तिच्या वासावर मी तग धरला.

एक दिवस कपाट रिकामं करायचं ठरलं आणि एका शिपायानं मला पाकिटात घालून त्या गल्लीत आणून दिलं. बेकरीवाला राहिला नव्हता, म्हणून बाईंच्या पत्त्यावर. बाईही राहिल्या नव्हत्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. वन्सं एकट्या. हात थरथरतात, किटली धरवत नाही. परसातलं झुडूप रानासारखं वाढलंय, आणि खिडकीशी ओळ नाही. निकालानंतर दुकानदारांनी माल घेणं बंद केलं, असं मला कळलं. कोर्टात जो हरला तो खोटा, एवढंच लोकांनी लक्षात ठेवलं. पाच पानं वाचतो कोण? डबीवरचं नाव कुठं कुणी वाचत होतं?

परवाची गोष्ट. चुलीवरून भांडं उतरवताना वन्संचं मनगट भाजलं. शेजारची सून धावत आली. नवीन आहे, मनानं चांगली आहे. "थांबा आजी," म्हणाली, आणि आपल्या घरून डबी घेऊन आली. पिवळी. निळी कड. बदक.

वन्संनी झाकण उघडलं. आतून थेंब गळाला. त्यांनी झाकण परत लावलं.

"हे नको."

"अहो आजी, चांगलं असतं. बदकाचं आहे. असली." मग ती जरा अवघडली. "मला सासूबाईंनी सांगितलंय, पूर्वी तुम्ही दोघी... म्हणजे यांचीच नक्कल करायचात ना? केस पण झाली होती म्हणे. जाऊ दे, जुनी गोष्ट. पोटासाठी माणूस करतो काहीही. मी काही मनात ठेवत नाही हं."

 मला वाटलं आता वन्सं ओरडतील. हंसाला बदक म्हटलं म्हणून ज्यांनी दोन दिवस अबोला धरला त्या आज तरी बोलतील. पण बोलायचं तर कुठून सुरुवात करायची? ठशापासून, की खिशात टाकलेल्या त्या एका डबीपासून? त्या म्हणाल्या, "उभी का? बस."

मग त्यांनी मला फळीवरून काढलं. करंगळीचं नख काठाच्या आतून फिरवलं, हळूहळू, पुरतं गोल. वाळलेली ती कड नखावर आली, मोहरीएवढी. त्यांनी ती वास घेऊन बघितली आणि मनगटावर चोळली. मनगट सगळं झाकलं जाईल एवढी ती नव्हती.

सुनेला दया आली. "आजी, तुमची ही डबी रिकामीच आहे ना? आमच्यातलं थोडं यात काढून ठेवू? लागलं तर हाताशी राहील."

"नको," वन्सं म्हणाल्या. "ती राहू दे रिकामी."

मित्रांनो, माझ्या जातीच्या म्हाताऱ्या वस्तू शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागतात. आम्हाला जपा, पुसा, फेकू नका. मी एवढंच मागते, की मला भरू नका. तुमच्या घरी कुठं पिवळी डबी दिसली तर बदकावर जाऊ नका, पालथी करून बघा. बुडावर डावीकडे कललेली रेघ असेल तर समजा, की कुणीतरी पंखा हलवत वाट बघितली होती आणि मगच झाकण लावलं होतं. रेघ नसेल तर तुमची मर्जी. लाखो डब्या आहेत तशा, आणि बदक सगळ्यांवर तेच आहे, वन्संनी काढलेलं, लंगडं.